न वाजणारं चाक

गल्लीत तिला सुरुंग म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासता फासता हळूच म्हणायचा, "उडाला बघा सुरुंग," आणि गिऱ्हाईक हसायला लागलं की वस्तरा वर उचलून धरायचा. तिचा आवाज मागच्या धार लावायच्या खोलीतून निघाला की पुढचं दुकान आणि रस्ता ओलांडून थेट वळणावरच्या सायकलवाल्यापर्यंत पोचायचा. लोकांना वाटायचं, ही बाई सदानकदा भांडतच असते. ते काही अगदीच खोटं नव्हतं. पण निम्म्या वेळा ती नुसता पाना मागत असायची.

यंत्रांच्या घरघराटात वाढलेल्या पोरीला बोलणं म्हणजे ओरडणंच ठाऊक. लग्न झाल्यावर नवरा म्हणाला, जरा हळू बोल, शेजारी काय म्हणतील. सासू म्हणाली, हळू बोल. नणंद तर काही न बोलता कानांवर हात ठेवायची. हळू बोलायला शिकण्याआधीच ती तिथून भांडून निघाली, ती माहेरी येऊन थेट आपल्या यंत्रापाशी उभी राहिली. नानांनी, म्हणजे वडिलांनी, एका शब्दानं विचारलं नाही. त्यांनी तिला जन्मात कधी हळू बोल म्हटलं नव्हतं. साऱ्या जगात या एकाच माणसाला आपला आवाज खुपत नाही, असं तिला वाटायचं, आणि तेवढ्यासाठी तिचा नानांवर फार जीव होता. बाकीचे लोक नानांना टरकून असत, असा तिचा समज. कारण त्यांना काही सांगायचं असलं की जो तो म्हणायचा, "तूच सांग बाई त्यांना."

खोलीत दोन यंत्रं मागेपुढे. पुढच्यावर ती, मागच्यावर धाकटा भाऊ. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, छापखान्याची लांब पाती, सगळं त्यांच्याकडे यायचं. ती दगडावर पात्याचा उतार काढायची आणि न बघता हात मागे करायची. धाकटा ते पातं घेऊन शेवटची धार द्यायचा. दिवसभरात दोघं एकमेकांशी चार वाक्यंही बोलत नसत, तरी तिला वाटायचं, दिवसभर गप्पा मारल्या.

आणि दगड वाजवायचे नाना. फिरणाऱ्या यंत्रावर चढवायच्या प्रत्येक नव्या दगडाला आत कुठे तडा नाही ना, हे वाजवून बघावं लागतं. दगड बोटावर लटकवायचा आणि लाकडी हातोडीनं हलकेच ठोकायचा. चांगला दगड घंटेसारखा टण्ण वाजतो, तडकलेला थप्प करतो. नाना ठोकायचे, मान तिरकी करून डोळे मिटायचे, थोडा वेळ तसेच थांबायचे आणि म्हणायचे, "बांध." बांध म्हणजे यंत्रावर चढव. नानांनी वाजवलेला दगड पुन्हा कुणी वाजवायचा नाही, हा त्या घरचा कायदा होता. कुणी तो कधी बोलून दाखवला नव्हता, आणि कुणी मोडलाही नव्हता.

एका सकाळी ती पुढच्या दुकानात एका शिंप्याशी हुज्जत घालत होती. मागे नानांनी दगड वाजवला, धाकट्यानं बांधला, यंत्र सुरू केलं आणि दगड फुटला. चष्मा त्याच्या कपाळावरच होता, खाली ओढायचाच राहिला होता. एक तुकडा छताला लागला, एक भिंतीत रुतला आणि एक बारकी कपची धाकट्याच्या डाव्या डोळ्यात गेली.

डोळा वाचला नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं त्याच दिवशी ती दवाखान्यातून परस्पर दगड विकणाऱ्याच्या दुकानात गेली. तिच्या मागोमाग नानाही पोचले. चारचौघांसमोर ती त्या माणसाला चोर म्हणाली, फुटका माल विकून लोकांचे डोळे फोडणारा म्हणाली, आणखीही बरंच काही म्हणाली. तो बिचारा म्हणत राहिला, "ताई, तुमचे वडील प्रत्येक दगड वाजवून घेतात. विचारा ना त्यांना." ती म्हणाली, "त्यांनी वाजवला होता! वाजवून ठीक निघालेला दगड फुटतोच कसा, ते तू सांग!" नाना तिथेच उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. तिला वाटलं, दुःखानं त्यांची वाचा बसली. त्या दिवसापासून गल्लीतल्या कुणीही त्या माणसाकडून दगड घेतला नाही.

धाकटा बरा होऊन आला तो पुढच्या दुकानात बसायला लागला. गिऱ्हाइकांकडून माल घ्यायचा, माल द्यायचा, बस. मागच्या खोलीचा उंबरठा त्यानं ओलांडला नाही. तिनं त्याच्यासाठी नवा चष्मा आणून त्याच्या यंत्राशेजारच्या खिळ्याला टांगला. रोज सकाळी ती त्याच्यावरची धूळ पुसायची आणि पुसताना चिडायची. धार लावून झालेलं पातं अजूनही तिच्या हातून सवयीनं मागे जायचं आणि ते घ्यायला कुणी नसायचं. मग ती पातं फळीवर आपटायची.

"या खोलीत आता नवा दगड येणार नाही," तिनं जाहीर केलं. "आहेत ते झिजतील तोवर झिजू देत. पुढचं चाक मी करीन. फुटणारच नाही असं. मग बघते धाकटा कसा येत नाही ते."

कल्पना साधी होती. चाक कायमचं राहील, त्याच्यावर घासकागदासारखा खरखरीत एमरीचा पट्टा चढवायचा आणि झिजला की तेवढाच बदलायचा. पट्टा तुटलाच, तर कापड फाटतं तसा फाटेल, पण कुणाचा डोळा घेणार नाही. सांगायला सोपं. आधी तिनं लाकडी चाकावर पट्टा चिकटवला. तो बसला छान, पण झिजल्यावर निघता निघेना. खरवडता खरवडता तिनं लाकडाची पार वाट लावली आणि ते चाक रस्त्यावर भिरकावलं. न्हाव्यानं ते उचलून गिऱ्हाइकाला पाय टेकायला ठेवलं. मग तिनं लोखंडी चाकाला चीर पाडून घेतली, पट्ट्याची दोन टोकं त्या चिरेत घालून स्क्रूनं आवळली. पट्टा निघायचा, बसायचा, पण प्रत्येक फेऱ्याला ती चीर पात्याला ठोकर द्यायची. छापखान्याचं एक पातं करवतीसारखं झालं आणि छापखानेवाला तिच्याइतक्याच मोठ्या आवाजात बोलून गेला.

चाकं कातून द्यायचा तो लेथवाला. तो प्रत्येक वेळी विचारायचा, "आता काय नवीन?" आणि दात काढायचा. तिला त्याचे ते दात पाडावेसे वाटायचे. तिसऱ्या खेपेला तिनं लोखंडी चाकाभोवती जाड रबर बसवलं आणि टोकं जोडून केलेला बंद पट्टा त्यावर बांगडीसारखा चढवला. रबर तापलं, खोलीभर घाण वास सुटला. वारा खेळावा म्हणून तिनं रबराला तिरक्या खाचा पाडल्या. आता रबर मऊ पडलं आणि पट्टा ढिला झाला. तो घट्ट करायला तिनं बाजूला एक आवळपट्टी लावायची ठरवली.

खिशातली आवळपट्टी ती काढणार, तोच लेथवाला दारात आला आणि म्हणाला, "तुझा भाऊ काही आता परत यंत्रावर यायचा नाही. कशाला जिवाचा आटापिटा करतेस?"

झालं. ती अशी काही पेटली की हातातलं काम विसरली. लेथवाल्याच्या सात पिढ्या उद्धरत तिनं तशीच कळ दाबली, तावातावानं एक सुरी उचलली आणि चाकाला लावली. लेथवाला पळाला. सुरी छान घासली जात होती. राग थोडा ओसरल्यावर तिच्या ध्यानात आलं की आवळपट्टी आपण लावलीच नाही, ती अजून खिशात आहे. पट्टा नुसता हातानं सरकवलेला, ढिला. आणि तो जागचा हलत नव्हता.

तिनं यंत्र थांबवलं. पट्टा पुन्हा ढिला, बोटानं निघाला. परत चढवून यंत्र सुरू केलं, तर परत घट्ट. वेगानं फिरताना खाचांमधलं रबर बाहेर फुलत होतं आणि पट्ट्याला आतून धरत होतं. थांबलं की आकसत होतं. स्क्रू नको, सरस नको. ती एकटीच त्या चाकाकडे बघत उभी राहिली आणि त्याच्यावरही तिला राग आला, की हे तू आधीच का नाही सांगितलंस.

पुढचे काही दिवस तिनं खाचांचा तिरपेपणा कमीजास्त करून बघितला, पट्ट्याचा सांधा तिरका कापून पाहिला, म्हणजे ठोकर बसू नये. तो सांधा पात्यावरून असा जायला लागला की बोटाला कळेना. मग तिनं पुढे जाऊन धाकट्याला हुकूम सोडला, "आत ये. चाक तयार आहे. चढवताना तू बघायचंस."

धाकटा आला, पण उंबरठ्याच्या पलीकडेच थांबला. यंत्रं बंद होती. खोलीत कधी नव्हे ती शांतता होती. तिनं चाक उचललं, तेवढ्यात नाना पुढे झाले. त्यांनी ते तिच्या हातातून घेतलं. तिच्या प्रयोगांच्या चाकांना त्यांनी हात लावला नव्हता, पण हे कायमचं चढणार होतं, आणि तसं चाक त्यांच्या हातातूनच यंत्रावर जायचं, हे ठरलेलं. त्यांनी ते बोटावर लटकवलं, हातोडी घेतली आणि ठोकली.

भप्प. उशी बडवावी तसा आवाज.

नानांनी मान तिरकी केली होती. डोळे मिटले होते. थोडा वेळ ते तसेच थांबले. मग म्हणाले, "छान वाजतंय. बांध."

तिला आधी हसूच आलं. नाना दगडाच्या बाबतीत थट्टा करायला लागले की काय? हसत हसत ती म्हणाली, "अहो नाना, रबर आहे ते. रबर कुठे वाजतं?" हसताना तिचा आवाज निम्म्यावर आला होता. नानांनी चाक तिच्यापुढे धरलं. "बांध ना. बघत काय राहिलीस?"

तिनं वळून धाकट्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. खाली फरशीकडे बघत होता.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"मला शेंड्या लावू नकोस. यांना कधीपासून ऐकू येत नाही?"

"बरीच वर्षं झाली, ताई. सगळ्यांना माहीत आहे. न्हाव्याला पण. म्हणून तर सगळे तुला पुढे करतात. त्यांना फक्त तुझंच ऐकू येतं."

ती म्हणाली, "आणि तो दगड?"

"थप्प वाजला होता. मी ऐकला. नाना म्हणाले, बांध. मी बांधला."

"फुटका आहे हे कळून बांधलास? अक्कल गहाण ठेवली होतीस?"

"नानांनी वाजवलेला दगड या घरात कुणी पुन्हा वाजवलाय?" धाकट्यानं मान वर केली. "तू असतीस तर वाजवला असतास? मलाही वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं असेल. आणि ताई, मला दगडाची भीती नाही. कधीच नव्हती. मला त्या 'बांध'ची भीती वाटते. तू कसलंही चाक कर. नाना वाजवणार आणि मी मान हलवणार, हे माझ्यानं आता व्हायचं नाही."

म्हणजे इतके दिवस ती जे घासत, कापत, चिकटवत बसली होती, ते मुळात ज्याची भीतीच नव्हती त्याच्यावरचं औषध होतं. आणि त्या दगडवाल्याचं तोंड तिला आठवलं. विचारा ना त्यांना, असं तो किती वेळा म्हणाला होता. तिच्या पायाच्या तळव्यापासून राग वर चढला.

"नाना! तुम्हाला ऐकू येत नाही!"

समोर वस्तरा थांबला. सायकलवाल्यानं पंप सोडला. नानांना शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांचा चेहरा आधी फिका पडला, मग ते हट्टी पोरासारखे म्हणाले, "तुझं येतं."

"माझं येतं म्हणून याचा डोळा गेला! दगड काय माझ्या आवाजात वाजणार होता? त्या माणसाला मी चोर म्हटलं, त्याचा धंदा बसवला, आणि तुम्ही माझ्या शेजारी उभं राहून ते ऐकलंत! तेव्हा सगळं नीट ऐकू येत होतं ना? उद्या तुम्ही माझ्याबरोबर त्याच्या दुकानात यायचं आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आणि या खोलीत आजपासून कुणी काही वाजवायचं नाही. समजलं?"

नानांनी मान हलवली. समजलं होतं. त्यांनी चाक यंत्रावर ठेवलं. हातोडी नेहमीसारखी पुसली आणि फळीवर तिच्या जागी नीट आडवी ठेवली. मग धाकट्याच्या बाजूनं, त्याच्याकडे न बघता, ते बाहेर निघाले. दुकानातून रस्त्याकडे. त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर यंत्राच्या काळ्या पुडीचा पट्टा होता, आयुष्यभर धुऊनही न निघालेला.

ती म्हणाली, "नाना, जाऊ नका."

हळू म्हणाली. नवऱ्याला, सासूला हवं होतं तितकं हळू. आपल्याला इतकं हळू बोलता येतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. नाना चालतच राहिले.

मग तिनं छातीत श्वास भरला. राग अजून पुष्कळ शिल्लक होता, तो सगळा गोळा केला.

"नाना! कुठे चाललात? परत या म्हणते ना! चाक कोण बांधणार, तुमचा लेथवाला?"

"उडाला पुन्हा सुरुंग," न्हावी गिऱ्हाइकाला म्हणाला. "म्हाताऱ्याला सुखानं बाहेरसुद्धा जाऊ देत नाही."

नाना पायरीवर थांबले. ती श्वास रोखून उभी होती. तिच्या पाठीमागे, उंबरठ्याच्या आत, धाकट्यानं खिळ्यावरचा चष्मा काढला, तेवढा बारीक आवाज तिला ऐकू आला.