मधुमतीताईंनी परत फेकलेला चेंडू

मधुमती टिपणीस यांच्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं तेव्हा त्यांनी एक अख्खी मॅच थांबवून ठेवली होती. कॉव्हेंट्रीतलं आमच्या भागातलं क्रिकेट मैदान. अंपायरने 'बाय'च्या धावेची खूण केली आणि स्कोअररच्या टेबलावरून हात वर यायची वाट न बघता पुढचा चेंडू टाकू दिला. टेबलामागून एक ठेंगण्या बाई उठल्या. साडीवर जाड कार्डिगन, हातात चार रंगांच्या पेन्सिली.

"मी हात वर केला का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग तो चेंडू माझ्या वहीत पडलेलाच नाही."

अंपायर सहा फूट उंच होता. त्याने माफी मागितली. मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण वर्ग इतका शांत मला कधी करता आला नाही.

पुढे ओळख झाली. हॉस्पिटलच्या फार्मसीतून त्या निवृत्त झालेल्या. प्रत्येक बोलरला वेगळा रंग, रबर वापरायचं नाही, आणि सीमेबाहेर आलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याने ताबडतोब आत फेकायचा, हे त्यांचे नियम. शेवटच्या नियमावरून तर त्या प्रेक्षकांनाही ओरडत. "चहा नंतर प्या, आधी बॉल द्या!"

त्यांची नात तनिषा मात्र बेसबॉलवाली निघाली. ही गोष्ट ती अकरा वर्षांची असतानाची. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतले दोन व्यावसायिक संघ लंडनला खेळायला आले, तेव्हा तिच्या वडिलांनी, समरने, आजीसह तिघांची तिकिटं काढली. आयत्या वेळी त्याला ड्यूटी लागली आणि त्याचं तिकीट माझ्या वाट्याला आलं.

ट्रेनमध्ये तनिषा हातात ग्लोव्ह घालूनच बसली होती. बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत आलेला बॉल ज्याने पकडला त्याचा. तिने खोलीतल्या शेल्फवर त्याच्यासाठी जागासुद्धा रिकामी करून ठेवली होती. वाटेत तिने तिच्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत आम्हाला त्या खेळातले एकेक अजब किस्से ऐकवले.

"आजी, एकदा ना, बॉल फील्डरच्या डोक्यावर आपटून वॉलच्या पलीकडे गेली, आणि ते होम रन धरलं, म्हणजे तुमची सिक्स!"

"डोकं बरं होतं ना त्याचं?"

"Totally fine. आणि एकदा पिचरच्या, म्हणजे बोलरच्या, बॉलच्या मध्येच एक पक्षी आला."

"अरेरे! मग नोंद काय केली?"

"ती बॉल मोजलीच नाही."

"बरोबर आहे. डेड बॉल," मधुमतीताई समाधानाने म्हणाल्या. त्या खेळाबद्दल त्यांचं मत तिथेच जरा सुधारलं.

मॅचच्या पाचव्या डावात तनिषा चिप्स आणायला गेली आणि ग्लोव्ह आजीच्या मांडीवर ठेवून गेली. ती पायऱ्या चढून परत येत असतानाच एक फाउल बॉल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका, उंच उडून थेट आमच्या रांगेकडे आला. मी डोकं खाली घातलं. मधुमतीताई उभ्या राहिल्या आणि तो त्यांनी दोन्ही हातांनी झेलला, ग्लोव्हशिवाय. आजूबाजूला एकच जल्लोष झाला. मोठ्या पडद्यावर त्यांचं कार्डिगन झळकलं.

आणि मधुमतीताईंनी, जन्मभराच्या सवयीने, तो चेंडू जोरात मैदानात परत फेकला.

मैदानावरच्या खेळाडूने तो उचलला, पडद्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि पलीकडच्या स्टँडमध्ये भिरकावला. हॉट डॉग खाणाऱ्या एका आजोबांनी तो अलगद झेलला.

"आजी!" तनिषाच्या हातातल्या चिप्स सांडल्या. "तू बॉल परत का फेकली?"

"अगं, मॅच खोळंबली असती ना..."

कॉव्हेंट्री येईपर्यंत तनिषाने टोपी डोळ्यांवर ओढूनच ठेवली होती. रोज संध्याकाळी आजीला येणारा तिचा फोन बंद झाला. आठ दिवस मधुमतीताई चहा करायच्या आणि प्यायला विसरायच्या. शेवटी त्यांनी दुकानातून एक नवा बॉल आणून दिला.

"It doesn't count, आजी," तनिषा म्हणाली. "मॅचमधली पाहिजे."

"सर, पोरीचं म्हणणं बरोबर आहे," त्या मला म्हणाल्या. "न टाकलेला चेंडू मीही कधी लिहिला नसता."

मग त्यांनी बेसबॉलचं स्कोअरिंग शिकायला घेतलं आणि तनिषाच्या क्लबात रविवारी टेबल लावून बसायला लागल्या. तनिषा "हाय, आजी" म्हणायची. तेवढंच.

चौथा रविवार. तनिषा बॅटिंगला आली. दोन स्ट्राइक झालेले, म्हणजे आणखी एक हुकला की बाद. पुढचा बॉल तिने मारला तो तिरका उडाला, जाळीवरून स्कोअररच्या टेबलाकडे. मधुमतीताईंनी पेन्सिल दातात धरली आणि झेल घेतला.

कोच वीर हात पुढे करून धावत आला. "Nice catch, आजी! द्या इकडे."

"का?"

"का म्हणजे? आपल्याकडे सातच बॉल आहेत."

"प्रेक्षकांत आलेला बॉल पकडणाऱ्याचा. नियम आहे, वीर."

"अहो, तो प्रोफेशनल मॅचमध्ये! आणि तुम्ही प्रेक्षक नाही, स्कोअरर आहात!"

"झेल घेताना मी लिहीत नव्हते," मधुमतीताई म्हणाल्या. त्यांनी बॉल पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि अंपायरकडे बघून हात वर केला. म्हणजे, चला पुढे.

तनिषा इतकी हसत होती की पुढच्या बॉलवर तिने बॅट नुसतीच हवेत फिरवली. बाद. ती धावत टेबलापाशी आली. मधुमतीताईंनी पर्स उघडून बॉल तिच्या ग्लोव्हमध्ये ठेवला. तनिषाने वहीत डोकावून पाहिलं.

"आजी! माझा आऊट तू लिहिलीस?"

"लिहिला. बॉल वेगळा, वही वेगळी."

त्या संध्याकाळी फोन आला. दुकानातला नवा बॉल क्लबला देण्यात आला आणि वीरचे सात पुरे झाले.

मधुमतीताई आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. शनिवारी क्रिकेटचा स्कोअर लिहितात, रविवारी बेसबॉलचा, आणि गुरुवारी गुडघ्याच्या फिजिओथेरपीला जातात.