लपवलेला पट्टा

माझ्या पाठीचा कणा वाकडा होतोय हे आईच्या लक्षात आलं तेव्हा मी आठवीत होते. पांढरकवड्याच्या आमच्या घरात मी वाकून फरशी पुसत होते. पाठीची उजवी बाजू वर आलेली दिसली, तशी तिने माझा ड्रेस वर करून पाहिलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, "हिचं वाढीचं वय आहे. पट्टा घातला नाही तर बाक वाढेल, मग ऑपरेशन करावं लागेल." पट्टा म्हणजे माझ्याच मापाचं प्लास्टिकचं कवच. त्यासाठी मला उभं करून काखेपासून कमरेखालपर्यंत ओलं प्लास्टर गुंडाळलं, सुकल्यावर कापून काढलं आणि त्या साच्यावरून पट्टा तयार झाला. तो आंघोळीपुरता काढायचा, एरवी झोपेतसुद्धा घालायचा. आतली गादी बरगड्यांवर अशी दाबायची की सुरुवातीला कातडी सोलून निघाली. मी रडले, पण काढला नाही. मला ऑपरेशन नको होतं.

मग महागावहून आत्या आली. बाबांची मोठी बहीण, ते तिला बाई म्हणायचे. तिने बाबांना लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे आमच्या घरात तिचाच शब्द चालायचा. तिने माझ्या पोटावर बोटांनी टकटक केलं.

"हे काय बांधलं वं पोरीले? लोकं पाहतीन तर हिची सोयरीक कोण करीन? घरात घाला, बाहेर कायले पाह्यजे?"

"बाई म्हणते तसं करू," बाबा म्हणाले. मला कोणी विचारलंच नाही.

त्या दिवसापासून शाळेत जाताना आई पट्टा काढायची आणि दिवाणात, गोधड्यांच्या खाली ठेवायची. शिकवणीला जाताना तो नाही, बाजारात नाही. घरी पाहुणे आले की पुन्हा काढायचा. शेवटी तो झोपण्यापुरताच उरला. मी भांडायचे. "तुले समजत नाही," एवढंच उत्तर मिळायचं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावला. बाक वाढला होता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काढून ठेवतेस ना? या वयाच्या मुली अशाच. छान दिसायचं असतं."

आणि बाबांनी मान हलवली. "ऐकतच नाही सर. काय करावं?"

माझ्या अंगाची आग झाली. "बाबा, खोटं काहून बोलून राह्यले? मी नाही काढत. तुमी काढाले लावता!"

डॉक्टर बाबांकडे बघत राहिले. "अजून वेळ गेलेली नाही," ते म्हणाले, "पण फार उरलेलीही नाही."

त्याच मे महिन्यात आत्याच्या मुलीचं लग्न होतं. मी पांढरा ड्रेस घातला आणि पट्टा त्याच्यावरून बांधला, सगळ्यांना दिसेल असा. आत कापडाच्या सुरकुत्या टोचत होत्या, घामाच्या धारा लागल्या होत्या. मांडवाच्या तोंडाशीच आत्याने अडवलं.

"माय वं! हे काय सोंग? जा, आत जाऊन काढ."

"नाही काढत."

"चार लोकं आले आहेत. तुया बापाची इज्जत..."

"माही पाठ वाकडी होऊन राह्यली, आत्या! तिचं काय?"

मांडवातल्या माना वळल्या. बाबा पाण्याच्या ड्रमपाशी उभे राहून भलतीकडेच बघत होते. आई पुढे आली. मला वाटलं, आता ही पट्टा काढणार. तिने मला पाठमोरं केलं आणि सैल झालेले बंद एकेक करून घट्ट ओढले. "चाल," ती म्हणाली, "बुद्धवंदना सुरू होते." आम्ही पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

माझी वाढ थांबेपर्यंत मी पट्टा घातला. ऑपरेशन टळलं. पण मधल्या महिन्यांत वाढलेला बाक काही मागे फिरला नाही. माझा एक खांदा उतरलेला आहे, आता कामाला आहे त्या मेडिकलच्या दुकानात दिवसभर उभी राहिले की बरगडीखाली कळ येते. त्या कळेबरोबर दर वेळी रागही येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

परवा आत्या पाहुण्यांना सांगत होती, "आमी हिले एक दिवस पट्ट्याबिगर राहू देलं नाही." बाबा कौतुकाने हसत होते. मी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. पाहुणे चहाच्या कपात बघत बसले.

"जाऊ दे ना आता," बाबा म्हणाले.

"काहून जाऊ देऊ?" मी विचारलं.