तूरडाळीची पावती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय, मलाही ठाऊक नाही. दमले असेन.

दिंद्रुडजवळच्या एका गावात मी अंगणवाडी सेविका. अंगणवाडी एकला सुटते, पण रानात गेलेली बाई पाचच्या आत थोडीच सुटते? शांताला नवऱ्यानं टाकलेलं. ती दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायची. तिची धाकटी, तीन वर्षांची पिंकी, सुटल्यावर माझ्या घरी असायची. राहू दे माझ्याकडं, असं मीच म्हणाले होते — आणि गावभर मिरवलंही होतं.

पण रोजचंच झालं की मोठेपणाही जड होतो. पिंकी रडकी नव्हती, आजारी नव्हती. उगाच तिच्यावर कशाला ढकलू? मला दुपारी तासभर आडवं व्हायचं होतं. एवढंच.

तसं तोंडावर सांगता आलं असतं. पण मग माझ्या मोठेपणाचं काय? एका संध्याकाळी शांता पिंकीला न्यायला आली. सोबत थोरली पूजा — तिसरीतली, पाठीला दप्तर. मी म्हणाले, वरून आदेश आलाय, सुटल्यावर लेकरू ठेवायचं नाही. आणि शिक्का मारलेला एक कागद तिच्यापुढं धरला. शांताला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं — म्हणून तर धरला.

“मग कसं करू ओ बाई? रानात लेकरू नेलं की मालक म्हणतो, उद्या येऊ नको.”

पूजा मात्र ओठ हलवत कागद वाचत होती. तूरडाळीची पोती मिळाल्याची पावती होती ती. वाचून झालं, तिनं माझ्याकडं पाहिलं. आईला काही बोलली नाही. का नसेल बोलली? बाई खोटं बोलतात हे कसं म्हणायचं, असं वाटलं असेल पोरीला. मी कागदाची घडी घातली. तेव्हाही सांगता आलं असतं — नाही सांगितलं.

आठवडाभर पूजा मधल्या सुट्टीतच घरी येऊन पिंकीला सांभाळायची, परत शाळेत जायची नाही. मग शाळेत जाणंच बंद झालं. मी दुपारी झोपायचे. झोप छान लागायची, हेही सांगायला हवं.

आता पिंकी नववीत आहे. पूजा आईबरोबर खुरपायला जाते. रस्त्यात भेटली की मान खाली घालून जाते — जणू लाज तिलाच वाटावी. गावातल्या बाया म्हणतात, हुशार पोर होती, आईनंच शाळा सोडवली. शांताच्या तोंडावर म्हणतात, माझ्या देखत. शांता ऐकून घेते. मीही ऐकून घेते.

शाळा मी सोडवली.