कोरा चौकोन

फोनचं नाव काढलं की बटणरावांच्या मस्तकात तिडीक जायची. शाळांसाठी हलत्या चित्रांचे धडे करण्यात त्यांची हयात गेली होती. प्रत्येक धड्यात दाबायला काहीतरी असायचंच, म्हणून हे टोपणनाव. धडे चालायचे ते संगणकात वेगळ्याने बसवलेल्या एका जोड-सॉफ्टवेअरवर, म्हणजे प्लगइनवर, आणि नव्या फोनांनी त्या प्लगइनला दारातसुद्धा उभं केलं नाही.

"अर्धं इंटरनेट यावर चालतं आणि हे दीडशहाणे म्हणतात, आमच्याकडे नको! मग अख्खं इंटरनेट म्हणून विकता कशाला?"

"त्याने बॅटरी संपते बाबा, फोन अडकतो," मुलगी म्हणायची. "फोनसाठी वेगळे धडे करा ना."

"मी का करू? त्यांनी फोन सुधारावा!"

फोनवाले हटवादी, आणि हे त्यांचेही बाप. शेवटी बापलेकीत अबोला झाला.

त्यातच नातीच्या हृदयात छिद्र निघालं. ऑपरेशन ठरलं, तर पोर हटून बसली. "आत काय करणार ते आधी दाखवा." आजोबांनी हृदयाचा जुना धडा काढला, त्यात छिद्र दाखवलं आणि बटण दाबलं की त्यावर ठिगळ बसेल अशी सोय केली. हा धडा त्यांनी जीव ओतून केला. फोनवर तो दिसणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून सुरुवातीलाच पाटी लावली: 'फोनवर दिसणार नाही. संगणकावर उघडा.' मग मुलीच्या फोनवर धड्याची नुसती लिंक धाडली. बोलायचं कशाला? वाचेल की पाटी.

सकाळी ते दवाखान्यात पोचले, तेव्हा नातीला आत नेलं होतं.

"पाहिला धडा?"

मुलीने फोन पुढे केला. पडद्यावर कोरा चौकोन.

"मला वाटलं, शेवटी ऐकलंत माझं, फोनसाठी केलात. नेट मंद असेल म्हणून आम्ही दोघी वाट बघत बसलो. पोर दाबत राहिली, दाबत राहिली. रडतच आत गेली."

"अगं, पण पाटी वाचायची ना! तो काय संगणक, नर्सच्या टेबलावर!"

"कसली पाटी?"

बटणरावांनी फोन हिसकावला, वरखाली केला. पाटी नव्हतीच. ती लाल, लुकलुकती पाटी त्यांनी हाताच्या सवयीने त्याच प्लगइनमध्ये केली होती. आपलं काम एकदा फोनवर उघडून पाहावं, एवढा कमीपणा त्यांनी जन्मात घेतला नव्हता.

"हे मेले फोनवाले..."

"एक शब्द बोलू नका," मुलगी म्हणाली.

त्यांनी फोनकडे पाहिलं. हातातल्या काचेवर, चौकोनाच्या मधोमध, चिमुकल्या बोटाचे डाग होते. ठिगळाचं बटण त्यांनी बरोबर तिथेच ठेवलं होतं.