वरची माती

आमच्या शेतात उतारावर तीन लहान बांध्या होत्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचे धुरे घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा. ट्रॅक्टर वळायला तिथे जागा नसे, म्हणून दरवर्षी कोपऱ्यांतला चिखल आम्ही हातानं करायचो. शेवटी यांनी ठरवलं की तिन्हींची एकच बांधी करायची आणि जेसीबी बोलावला.

यांचं जवळच्या गोरेगावला किराणाचं छोटं दुकान आहे. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता, दुकान सोडणं शक्य नव्हतं. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यांना धुळीत जायची मनाई. मग शेतावर मीच गेले. निघताना मामाजी म्हणाले, "बाई, आमची जमीन बर्डी हाये. वर वीतभर माती, खाली सारा मुरूम. वरची माती अलग काढून ठेवजो. मंग कापायला लावजो, अना तीच माती परत वर पसरवजो."

मी हो म्हटलं.

एप्रिल महिना होता. पहाटेपासून मोहफुलं वेचून, स्वयंपाक करून मी तिथे पोचले होते. सावलीला एक पळस, तोही निष्पर्ण. जेसीबीवाल्यानं मशीन थांबवून विचारलं, "भाभी, माटी अलग रखना है तो एक दिन और लगेगा. कल आमगाव साइड में दूसरा काम है, फिर अगले हफ्ते ही आऊँगा. सीधा धकेल दूँ क्या?"

पुन्हा एक दिवस त्या उन्हात उभं राहायचं मला नको झालं. म्हटलं, "करा सरळ."

दुपारी तीनपर्यंत सगळं सपाट झालं. दिसायला फार छान दिसत होतं.

त्या पावसाळ्यात रोवणी, म्हणजे धानाची लावणी झाली आणि महिन्याभरात कळायला लागलं. खालच्या अर्ध्यात वरची सगळी माती जाऊन बसली होती. तिथला धान माजला आणि निसवल्यावर, म्हणजे लोंब्या आल्यावर, आडवा लोळला. वरच्या अर्ध्यात मुरूम उघडा पडलेला. सकाळी पाणी भरलं तर संध्याकाळपर्यंत जिरून जाई. रोपं पिवळी, गुडघ्याइतकीसुद्धा झाली नाहीत. कृषी सहायकानं माती तपासायला नेली, तपासणीचं कार्ड आलं. जमिनीत जीव उरला नाही, एवढंच त्यात वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं होतं.

"त्या ड्रायव्हरनं शेत मारलं," हे म्हणायचे. घरी आल्यागेल्याला सांगायचे. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत जायची. मामाजी ऐकून अंगणात निघून जात.

मग वरच्या मुरमावर गाळ. गावच्या बोडीतलं, म्हणजे लहान तळ्यातलं पाणी उन्हाळ्यात आटलं की तळाचा काळा गाळ ट्रॉलीनं आणायचा, ढीग टाकायचे आणि दोघांनी घमेल्यानं पसरवायचा. पहिल्या उन्हाळ्यात वाटलं, एकदा केलं की झालं. दुसऱ्या उन्हाळ्यात माझा उजवा खांदा धरला. तिसऱ्या उन्हाळ्यात बोडीवर गाळ भरायला जेसीबी आला, आणि वर बसलेला माणूस तोच होता.

तेव्हा जेसीबी यांनीच ठरवला होता, त्यामुळे यांनी त्याला ओळखलं. घमेलं खाली टाकून सरळ मशीनसमोर उभे राहिले. "तूच आमचं शेत खराब केलं! माती अलग काऊन नाई काढली?"

तो गोंधळून खाली उतरला. त्याला आमचं शेतही आठवत नव्हतं. "भैया, मैं तो सबसे पूछता हूँ..." म्हणत तो माझ्याकडे पाहायला लागला. आठदहा माणसं जमली. यांचा आवाज चढत होता.

"त्यानं विचारलं होतं," मी म्हटलं. "मीच म्हटलं, सरळ करा."

हे माझ्याकडे बघत राहिले, मग वाकून घमेलं उचललं आणि ट्रॉलीकडे गेले. ड्रायव्हर मशीनवर चढला. संध्याकाळपर्यंत आम्ही गाळ टाकला. परत येताना मोटारसायकलवर यांनी विचारलं, "आदी काऊन नाई सांगतलं?"

"थकली होती."

"तवा?"

"तवा. अना आतापन."

घरी मामाजींनी दोघांची तोंडं पाहिली आणि ओळखलं असावं. जेवताना म्हणाले, "मले पयल्याच साली दिसलं होतं. मुरूम वर, माती खाली. बोलून काय होते?" मग थोड्या वेळानं माझ्याकडे वळून, "तू मातीसंग झगडून राहिली, बाई. भारी धान तिथं नाई होयेल. पाणी लवकर सोडते, तं लवकर येनारा हलका लाव."

दोन वर्षांपासून तसंच करतो. बांधीच्या मधोमध यांनी धुरा घातला. वर हलका धान, तो दिवाळीआधी येतो. खाली भारी, तो त्यानंतर महिन्यानं. वरचा पोटापुरता होतो, पिवळा पडत नाही. पण कापणी दोनदा, बांधणी दोनदा, मजुरांच्या घरी चकरा दोनदा. गाळ अजून टाकतो, जमेल तेवढा. ड्रायव्हरचं नाव यांनी पुन्हा काढलं नाही, माझंही नाही.

यंदा वरचा धान कापून झाला, तेव्हा मी दोन दिवस नुसती पडून होते. खालचा अजून उभा आहे.