ब्लॉकच्या दिवशी आलेली गाडी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचत होते. चहा पिता पिता नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि प्रत्येक भुताचं कारण शोधून काढायचं, हा आमचा रविवारचा खेळ. माझं बालपण भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या क्वार्टर्समध्ये गेलं, वडील तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत. घरात देवाची पूजा होती पण अंगारे-धुपारे कधी नव्हते. पुढे इंजिनिअरिंग केलं, रेल्वेच्या सिग्नल विभागात लागले. वायर जोडलेली असेल तर दिवा लागतो, नसेल तर नाही — एवढ्या विश्वासावर माझी नोकरी चालते. म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले...

वरठी आणि तुमसर रोड यांच्या मधलं एक छोटं स्टेशन आहे. नाव मुद्दाम देत नाही, तिथली माणसं अजून तिथेच राहतात. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला मोठा तलाव, तलावापलीकडे ढिवरांची, म्हणजे मासेमारांची वस्ती. प्लॅटफॉर्मवर कडुनिंब आणि त्याखाली सिमेंटचा बाक.

माझं काम ब्लॉक आखायचं. म्हणजे लाईन कधी बंद ठेवायची, किती वेळ, आणि त्या वेळात कोण काय करणार. लोकांना वाटतं रविवार आला की रेल्वेवाले मनाला येईल तशा गाड्या रद्द करतात. तसं नसतं हो. सिग्नलवाल्यांना वेगळे तास हवेत, रुळवाल्यांना वेगळे, वरच्या तारेवाल्यांना वेगळे, आणि गाड्या चालवणारे म्हणतात एक तासही देणार नाही. मग कितीतरी मीटिंगा आणि भांडणं झाल्यावर सगळ्यांचं काम एकाच दिवसात बसवायचं. त्या वेळी या स्टेशनची जुनी सिग्नल यंत्रणा काढून कॉम्प्युटरवरची नवी लावायची होती, आणि त्याच वेळात रुळवाले एक जुना सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तो भाग, उपटून नवा टाकणार होते. मी रविवार निवडला. उन्हाळा, लग्नाच्या मोठ्या तिथी संपलेल्या, पाऊस यायचा बाकी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोन्ही लाईन पूर्ण बंद. पेपरात दिलं, व्हॉट्सॲपवर फिरवलं, आसपासच्या गावांत दवंडीही दिली.

तरी सकाळी एक म्हातारं जोडपं प्लॅटफॉर्मवर आलंच. नेहमीच्या लोकलच्या वेळेला. बाईच्या हातात डबा, काखेत गाठोडं. म्हातारबुवांनी धुतलेलं धोतर नेसलेलं, गुडघा दुखत असावा, पाय ओढत चालत होते.

"गाडी कितीक वाजता येते जी?" बाईने मला विचारलं.

मी सांगितलं, आज गाडीच नाही. संध्याकाळपर्यंत लाईन बंद आहे.

"बंद? काहून बंद?" त्यांचा आवाज एकदम चढला. "माही पोरगी तुमसरच्या सरकारी दवाखान्यात हाये. पहिलं बाळंतपन हाये तिचं. डाक्टर म्हनते आपरेशन करा लागते, अना पोरगी म्हनते आई आल्याबिगर मी आत जात नाई. जावई फोनवर रडून रायला."

नाव भागरताबाई. म्हातारबुवा डोमाजी, तलावात मासेमारी करायचे. वस्तीत मोटारसायकली होत्या, पण त्या दिवशी सगळी तरुण मंडळी एका वरातीसोबत बाहेरगावी गेलेली. एसटी रविवारी त्या रस्त्याला फिरकत नाही. आमची जीप केबलचे ड्रम आणायला वरठीला गेली होती. मी ड्रायव्हरला फोन केला, ड्रम चढले की लगेच ये, दोघांना तुमसरला सोडायचंय. मग भागरताबाईंना त्या कडुनिंबाखालच्या बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली.

"गाडी येते, बसून राहा," मी म्हटलं.

"हाव जी," डोमाजी म्हणाले. तेवढंच. दिवसभरात मी त्यांच्या तोंडून ऐकलेले तेच दोन शब्द.

दुपार झाली, तरी ड्रम चढायचे होते म्हणून जीप परतली नव्हती. ऊन म्हणजे भंडाऱ्याचं ऊन, सांगायला नको. नव्या पॅनेल रूममध्ये मी आणि स्टेशन मास्तर बसलो होतो. समोरच्या स्क्रीनवर आमच्या स्टेशनचा नकाशा, त्यातल्या रेषा राखाडी. राखाडी एवढ्यासाठी की गाडी कुठे आहे हे सांगणारी रुळांतली उपकरणं आम्हीच सकाळी सुटी केली होती. नव्या केबल अजून जोडल्याच नव्हत्या. तुमसर रोडलाही उपकरणं अशीच सुटी होती, तिथे माझा सहकारी पराग स्क्रीनसमोर बसला होता आणि आम्ही फोनवर एकमेकांशी ताडून बघत होतो. आत येण्याआधी मी खिडकीतून पाहिलं होतं — दोघं बाकावरच होते. भागरताबाई पदराने वारा घेत होत्या.

स्क्रीनवर वरठीच्या बाजूची रेषा लाल झाली, रुळावर गाडी असली की होते तशी.

मला वाटलं, कोणीतरी माझ्या आधीच केबल लावली. मी ओरडणारच होते, तेवढ्यात लाल रंग पुढच्या तुकड्यावर सरकला आणि मागचा तुकडा पुन्हा राखाडी झाला. मग त्याच्या पुढचा. बिघाड असा नसतो हो. बिघाड एका जागी अडकतो, नाहीतर सगळीकडे पसरतो. हे सावकाश येत होतं, वेग कमी करत... आणि आमच्या प्लॅटफॉर्मच्या रेषेवर येऊन थांबलं. लोकल जितका वेळ थांबते तितकाच वेळ.

मास्तर उठले. इतक्या वर्षांची सवय — त्यांचा हात आपोआप हिरव्या झेंडीकडे गेला. दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. बाहेर बघत होते.

"काय आहे?" मी विचारलं.

"काहीच नाही," ते म्हणाले. झेंडी हातात तशीच गुंडाळलेली.

लाल रंग पुढे निघाला, तुमसर रोडच्या दिशेने. मी फोन कानाला लावून बसले होते. मधला वेळ कसा गेला आठवत नाही. मग परागचा आवाज आला, "अगं, माझ्याकडे काहीतरी शिरतंय. तुझ्याच बाजूने. तू काही जोडलंस का?"

"नाही. तू?"

"मी पण नाही... थांबलं. प्लॅटफॉर्मवर थांबलंय."

नंतर त्याच्याकडच्या रेषा पुन्हा राखाडी झाल्या. आम्ही दोघांनी टेस्टिंगचा घोटाळा म्हणून सोडून दिलं. खरंच सोडून दिलं. कामाच्या घाईत माणूस तसंच करतो.

मी बाहेर आले तर बाक रिकामा. पाण्यावर गेले असतील असं वाटलं. जीप आली, ड्रायव्हरने हाका मारल्या, तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन आला. कोणी नाही. इतक्यात परागचा पुन्हा फोन.

"तू कोणाला पाठवलंस का इकडे? एक आजी आल्या आहेत. दवाखाना कुठे विचारतायत. म्हणतात, आत्ताच्या गाडीने आले."

"एकट्याच?"

"एकट्याच. प्लॅटफॉर्मच्या टोकाकडून चालत आल्या. हातात डबा आहे."

आमच्या जीपला सुद्धा गावागावांतून वळसे घेत तिथे पोहोचायला तासभर लागला असता. हे सगळं घडायला मात्र फार तर एखादी लोकल जायला लागतो तेवढाच वेळ गेला होता. परागने त्यांना स्वतःच्या मोटारसायकलवर दवाखान्यात सोडलं. 

डोमाजींना शोधायला मी रुळांवरून चालत निघाले. पुढे सांध्याचं काम चालू होतं. जुना सांधा उपटून बाजूला टाकलेला, रूळ तिथे होताच कुठे — नुसता खडीचा उघडा खड्डा. मजूर कामाला लागलेले. त्यांच्या टेंभरे सुपरवायझरना मी विचारलं, इकडून कोणी म्हातारा गेला का?

ते माझ्याकडे जरा विचित्र बघत म्हणाले, "मॅडम, माणूस नाई गेला. पन मघा एक गंमत झाली. शिटी वाजली नाई, लाल झेंडी हालली नाई, अना माझी सगळी पोरं एकदम अवजारं उचलून बाजूले उभी रायली. गाडी जाताना राहतात ना, तशी. मी पन. कोनीच बोललं नाई. मंग थोड्या वेळानं सगळे परत कामाले लागले."

"काहून उभे राहिलात?"

"मले काय मालूम. वाटलं का बाजूले व्हाव." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "हवा मात्र गेली जवळून. थंडी."

संध्याकाळी ब्लॉक वेळेत संपला. नवे सिग्नल लागले, पहिली गाडी नीट गेली, वरून शाबासकी आली. डोमाजी सापडले नाहीत. वस्तीतल्या लोकांनी तलावात जाळी टाकली, पोलिसांत तक्रार झाली, पुढच्या-मागच्या सगळ्या स्टेशनांवर फोटो गेला. आजपर्यंत काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुमसरच्या दवाखान्यात गेले. पोरगी, रेखा, ऑपरेशन होऊन झोपली होती. मुलगी झाली होती. आई पोहोचली म्हणून ती आत गेली, आणखी उशीर झाला असता तर दोघी हाती लागल्या नसत्या, असं नर्स म्हणाली. भागरताबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रडून डोळे सुजलेले, पण बोलणं शांत.

"गाडी आली ना," त्या म्हणाल्या. "तुमीच त म्हनलं, गाडी येते, बसून राहा."

 मी जीपबद्दल बोलले होते, हे तेव्हा सांगून काय उपयोग होता?

"कशी होती गाडी?"

"गाडीसारखी गाडी. पन आवाज नोहोता तिले. खिडक्या सगळ्या लावलेल्या, एवढ्या उनात. आत थंडगार, वावरात सकाळी राहते तसं. मानसं बसली होती गाठोडे घेऊन. कोनी बोलत नोहोतं. सगळ्यायचे तोंड एकाच बाजूले." त्यांनी बाळाची दुपटी सारखी केली. "बुढा खिडकीपाशी बसला. म्हने, माहा गुडघा दुखून नाई रायला. हासला बी. लय दिवसानं हासला."

"मग?"

"तुमसर आलं. म्या उठली, त्यायचा हात धरला. चला म्हनलं. त म्हने, तू उतर, पोरीजवळ जाय, मी येतो. मले वाटलं गुडघ्यापायी दमानं उतरन म्हनून मी पुढं झाली. मागं पायलं त प्लॅटफार्म खाली, ना गाडी ना बुढा." बाळाला थोपटत त्या म्हणाल्या, "त्याचा हात थंडा नोहोता बाई. चांगला गरम होता. म्हनून म्या सोडला."

मी अनेक तर्क करून पाहिले. कोणीतरी रस्त्याने लिफ्ट दिली असेल — कोणत्या वाहनाने एवढ्यात? उन्हाने त्यांना भ्रम झाला असेल — मग त्या पोहोचल्या कशा? स्क्रीनवरचा लाल रंग मी पाहिला, मास्तरांनी पाहिला, परागने पाहिला. यंत्रणा आपोआप सगळं नोंदवून ठेवते, त्यात त्या दुपारी काहीच नाही. मास्तर या विषयावर बोलत नाहीत. पराग बदली घेऊन गेला, त्याने कारण दिलं नाही.

हिवाळ्यात त्याच टप्प्यात रुळांच्या कामासाठी पुन्हा रविवारचा ब्लॉक घ्यावा लागला. दवंडी ऐकून भागरताबाई सकाळीच आल्या. डोमाजींचा धुतलेला सदरा आणि भाकरी बांधून आणलेली. मला काम दुसऱ्यावर सोपवावं लागलं तरी चालेल असं ठरवून मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. दिवसभर. लाईन रिकामी होती, वरच्या तारेवर कोतवाल पक्षी बसले होते, तलावात कोणीतरी डोंगा हाकत होतं. काही आलं नाही. संध्याकाळी पहिली मालगाडी धडधडत गेली तेव्हा त्या उठल्या.

"तुमी बसल्या म्हनून नाई आली," त्या म्हणाल्या. रागाने नाही, सहज. "दुसऱ्या बारीनं मले एकटीले बसू द्या."

याचं स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. कोणाजवळ असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन, आता हसणार नाही.

पुढच्या महिन्यात तिथे परत ब्लॉक आहे. मंजुरी झाली, जाहीर व्हायचा आहे. भागरताबाईंचा दर आठवड्याला फोन येतो — "बाई, लाईन कधी बंद ठेवता?" आणि त्यांचा फोन ठेवला की थोड्या वेळाने रेखाचा येतो. मागे तिची पोर काहीतरी बोबडं बोलत असते. रेखा हळू आवाजात म्हणते, "मॅडम, आईले तारीख नका सांगू जी. ते चढली त उतरनार नाई."

मी दोघींनाही म्हणते, अजून ठरलं नाही.