गार पाइप

मिस्त्रींच्या गॅरेजात उष्णता मोजणारे एकही यंत्र नव्हते. तीस वर्षे ते काम त्यांचा उजवा तळहात करीत आला होता. तापलेली गाडी आली की इंजिन बंद करवून ते रेडिएटरच्या वरच्या पाइपवर आणि मग खालच्या पाइपवर हात टेकवीत, निमिषभरच. वरचा तापलेला आणि खालचा गार असला, तर रेडिएटर आतून तुंबलेला. दोन्ही गार असले, तर पाणी इंजिनातच अडकलेले, म्हणजे थर्मोस्टॅट उघडत नाही. चालक त्यांना ‘थर्मामीटर’ म्हणत, आणि ते नाव त्यांना मनातून आवडे.

म्हणूनच मोजणीदारांची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप त्या दुपारी तिसऱ्यांदा वाफा सोडीत दारात उभी राहिली, तेव्हा मिस्त्री जागचे हलले नाहीत.

“मिस्त्री, मी डोंगरावर जमिनी मोजायला जातो, अंघोळीचं पाणी तापवायला नाही,” मोजणीदार उतरता उतरता म्हणाले. “पार बंब केलात की गाडीचा!”

“आधी थर्मोस्टॅट बदलला, साहेब. मग पंप खोलून पाहिला.”

“आणि दोन्ही वेळा गाडीनं तुम्हाला वेड्यात काढलं. आज नाही जमलं, तर मला दुसरं गॅरेज बघावं लागेल. राग मानू नका.”

मिस्त्रींना राग आला नाही, भीती वाटली. हात चुकत असेल, तर त्यांच्यापाशी दुसरे काहीच नव्हते.

गेले काही महिने घरातलेही सारे गार होत चालले होते. कपबशी गार, तवा गार. बायको म्हणे, “वाफ दिसत नाही का तुम्हाला? की माझ्याशी भांडायला कारणच हवं?” वाफ दिसे, हाताला मात्र ती लागत नसे. नातीला ताप आला, तेव्हा त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला होता. कपाळ फरशीसारखे थंड लागले, आणि ती टक्क उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहत होती. हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते.

थोरल्या मुलीने जीप सुरू केली. सहा वर्षे ती गॅरेजात गिअरबॉक्सची कामे एकटी सांभाळत होती. पाइपला हात लावणे मात्र बाबांचे काम. जीपमधला तापमानाचा काटा लाल रेघेवर पोचला, तसे तिने इंजिन बंद केले. पंखा थांबला. रेडिएटरच्या झाकणाखाली पाणी खदखदत होते.

मिस्त्रींनी वरचा पाइप मुठीत धरला.

गार. खालचाही गार. त्यांनी पुन्हा वरचा पाइप धरला आणि या वेळी त्यांनी मूठ सोडली नाही. आत कुठेतरी ऊब असेलच, ती थांबल्यावर सापडेल, असे त्यांना वाटले.

“ही तापतच नाही,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “मढ्याचं अंग लागतंय हाताला.”

“काहीतरीच काय!” मोजणीदार हसले. “बघू तरी तुमचं मढं.” त्यांनी मिस्त्रींच्या मुठीशेजारी दोन बोटे टेकवली आणि “आई गं!” म्हणत मागे उडी मारली.

बोटांवर फुंकर घालता घालता ते एकाएकी थांबले. मिस्त्रींची मूठ पाइपवर तशीच होती.

“बाबा, सोडा!”

मुलीने मनगट धरून हात ओढला. तळहाताची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. तिच्याखाली जुने, अर्धवट सुकलेले फोड होते. ग्रीसमध्ये ते कोणाच्या नजरेस पडले नव्हते.

“दुखत नाही तुम्हाला?”

“काय दुखायचं?”

 तिने स्वतःची बोटे वरच्या पाइपवर टेकवून झटक्यात काढली, आणि खालच्या पाइपवर ठेवली. तिथे ती सहज राहिली.

“वरचा पोळतोय. खालचा गार.”

“तुंबलाय,” मिस्त्री म्हणाले. “रेडिएटर तुंबलाय. पहिल्या दिवसापासून तेच होतं.”

“गाडी राहू द्या आता,” मोजणीदार म्हणाले. “मी रिक्षा आणतो. आधी दवाखाना.” ते लगबगीने बाहेर पडले.

मुलगी मिस्त्रींचा हात नळाखाली धरून उभी होती. पाणी वाहताना दिसत होते; ते गार आहे की नाही, हे मिस्त्रींना कळत नव्हते.

“डावा बघू,” ते म्हणाले.

“बाबा, नको.”

“एकदाच. निदान पुढे माझ्याच्यानं काम होईल की नाही, ते तरी ठरेल.”

हात सोडवून घेऊन ते जीपपाशी गेले आणि त्यांनी डावा तळहात वरच्या पाइपवर ठेवला. पाइपकडे त्यांनी पाहिले नाही. ते मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. पाइप किती तापला आहे, ते आता हाताला नव्हे, तिथेच कळणार होते.